दोन भावांचे रक्त



महाराष्ट्रातील काष्ठौषधींच्या दुकानांत जिला हिरादखण म्हणतात, ती तांबडी राळ हिंदी मुलखात ‘खूनखराबा’ या नावाने मागावी लागते. रायपुरात आल्यावर मला हे नव्याने शिकावे लागले. अरबी भाषेत तिला ‘दम अल-अखवैन’, म्हणजे दोन भावांचे रक्त, म्हणतात. ते भाऊ काइन व हाबेल होत, अशी लोकसमजूत आहे. पवित्र शास्त्रात मात्र उत्पत्ती ४:१० मध्ये भूमीतून ओरडणारे रक्त हाबेलाचे आहे. झाडाचा तेथे उल्लेख नाही. नावावरून अर्थ काढण्याचा मोह आम्हा अनुवादकांना फार, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

या राळेचे एक प्राचीन झाड येमेन देशाच्या सोकोत्रा बेटावर आहे. जगात अन्यत्र ते रानात उगवत नाही. (आज बाजारात येणारा पुष्कळसा माल सुमात्रेकडील एका वेताच्या फळांवरचा असतो.) साल चिरली की लाल थेंब पाझरतात व सुकून खडे होतात. औषध, रंग व रोगण यांसाठी ते वापरीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तान्तात या बेटावर झाडांपासून थेंबाथेंबाने गोळा होणाऱ्या ‘भारतीय’ हिंगुळाची नोंद आहे. झाड बेटाचे आणि नाव भारताचे! आपले व्यापारी तेथे जात असत खरे. बेटावरील होक गुहेत ब्राह्मी लिपीतील लेख सापडले असून काहींत भरुकच्छाचे, म्हणजे आजच्या भडोचचे, नाव आहे.

त्या बेटावर ख्रिस्ती मंडळीही होती. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने तेथील ख्रिस्ती लोकांचा व इराणात दीक्षा घेऊन आलेल्या पाळकांचा उल्लेख केला आहे. पुढे १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्यास येताना तेथे उतरले. त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्याहून पाठविलेल्या पत्रात त्यांनी जे लिहिले, ते अनुवादकाने वाचावे आणि स्वस्थ बसू नये असे आहे. तेथील लोक स्वतःला संत थोमाचे अनुयायी म्हणवीत. मात्र कोणाला लिहितावाचता येत नव्हते, ग्रंथ नव्हते. त्यांचे धर्मगुरू प्रार्थना तोंडपाठ म्हणत, पण ती भाषा त्यांना स्वतःलाच कळत नव्हती; झेवियर यांच्या मते ती खाल्डी असावी. लोकांची बोली सोकोत्री, हिब्रूच्याच कुळातील. पण तिला लिपी नव्हती. झेवियर यांना तेथेच राहावयाचे होते. तुर्कांच्या भयास्तव गव्हर्नरांनी राहू दिले नाही. पुढच्या काळात ती मंडळी नाहीशी झाली. भाषा हे त्याचे एकमेव कारण नव्हते, जुलूम व एकाकीपणही होते. तरी १ करिंथ १४ वाचताना मला ते पत्र आठवते.

इकडच्या एका खेड्यात प्रार्थनेनंतर एका लहान मुलीने आजोबांना हिंदीतील एका शब्दाचा अर्थ विचारला होता. आजोबांनी आयुष्यभर तो शब्द बिनचूक म्हटला होता. ते हसले आणि माझ्याकडे बोट दाखविले. मलाही त्यांच्या बोलीत तो चटकन सांगता आला नाही.

आता पुन्हा झाडाकडे वळू. त्याचा माथा उघड्या छत्रीसारखा असतो. समुद्रावरून येणारे धुके त्यावर अडते, पाणी मुळांशी उतरते आणि त्या ओलसर सावलीत रोप तग धरते. म्हातारी झाडे उन्मळली की सावली जाते, आणि सावली गेली की रोपही टिकत नाही. उरलेली रोपे शेळ्या खातात. म्हणून कित्येक ठिकाणी रान दुरून भरगच्च दिसते, पण सर्व झाडे वृद्धच. २००८ साली हे बेट जागतिक वारसा ठरले. नोव्हेंबर २०१५ मध्ये चापाला व मेघ ही दोन वादळे आठवड्याच्या अंतराने येऊन गेली, तेव्हा पुष्कळ झाडे आडवी झाली. या झाडाला वार्षिक वलये नसतात, त्यामुळे पडलेल्या झाडाचे वयही नेमके सांगता येत नाही.

बेटावरील काही लोक आता कुंपण घालून रोपे वाढवीत आहेत. रोप शेळीच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत कित्येक वर्षे जातात. तोवर कोणीतरी पाणी घालावे लागते.