उंचीला घाई चालत नाही

पुण्या-मुंबईकडची मंडळी हिमालयातल्या पहिल्या ट्रेकची तयारी बहुतेक वेळा घड्याळ लावून करतात. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याची आतकरवाडी गाठायची, गड चढायचा आणि मागच्या खेपेपेक्षा दोन मिनिटं कमी लागली की तयारी पुढे सरकली असं मानायचं. मग मोजून मिळालेल्या रजेत विमानाने थेट उंचावर उतरायचं, कारण एवढी तयारी झाल्यावर वाटेत दिवस कशाला घालवायचे? माझ्या मते इथे घाई दोनदा होते, एकदा सरावात आणि एकदा प्रवासात. दोन्हीकडे चूक मात्र एकच असते. दम आणि स्नायू ज्या वेगाने तयार होतात त्याच वेगाने बाकीचं शरीरही तयार होतं, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. पुढच्या मोसमात ज्यांना जायचं आहे, त्यांनी हे पक्कं समजून घ्यावं अशी माझी कळकळ आहे.

आधी सराव. नेमाने चढायला लागलं की काही आठवड्यांत धाप कमी लागते, मांड्या भरतात, उत्साह वाढतो. पण स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यांना ताकद यायला महिने लागतात. हाडांचंही तसंच. म्हणून खरा धोका सुरुवातीला नसून महिना-दीड महिन्यानंतर असतो, जेव्हा दम ‘अजून एक फेरी मार’ म्हणतो आणि गुडघा तयार नसतो. नव्या भरतीच्या जवानांच्या नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात, हे दुखणं जगभरच्या सैन्यदलांना ठाऊक आहे. ती मुलं अशक्त नसतात, त्यांचं चालणं-पळणं एकदम वाढलेलं असतं. त्यातून आपल्याकडे गड धावत उतरण्याचं भारी कौतुक. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो, त्यामुळे चढापेक्षा उतारच पायांना जास्त दुखवतो. उतरताना लहान पावलं टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा आणि पूर्ण पाऊल टेकल्याशिवाय पुढचं उचलू नये. पाठीवरचं वजन सगळ्यात शेवटी वाढवावं. निघण्याआधी निदान चार महिने हाताशी असावेत, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवावा.

हळू चालून ताकद कशी येणार, असं यावर लगेच विचारलं जातं. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी याचं उत्तर मैदानावरच दिलं. त्यांचे धावपटू पाया घालण्याच्या महिन्यांत आठवड्याला सुमारे 160 किलोमीटर धावत, तेही बहुतांशी धापा न टाकता. आठशे मीटरसारख्या झटपट संपणाऱ्या शर्यतीचा पीटर स्नेलही त्यातून सुटला नाही. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने आठशे मीटरचं आणि त्यांच्याच मरे हॅलबर्गने पाच हजार मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकलं. वेगाचा सराव लिडियार्डनीही करून घेतला, पण पाया भरल्यावर. तेव्हा सिंहगड जोरात चढूच नये असं माझं म्हणणं नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी जरूर चढावा. बाकीच्या दिवशी मात्र सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, एवढ्याच गतीने चालावं. बोलताना शब्द तुटायला लागले की गती कमी करायची, इतकं साधं माप पुरेसं आहे.

आता प्रवास, आणि इथे चूक जिवावर बेतू शकते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. लेह शहरच सुमारे 3500 मीटरवर आहे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो. श्वासागणिक मिळणारा प्राणवायू तेवढाच कमी होतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, पण टप्प्याटप्प्याने. श्वास पहिल्या काही तासांतच खोल आणि जलद होतो, त्यामुळे रक्तातला बदललेला आम्लाचा तोल मूत्रपिंडं पुढच्या काही दिवसांत सावरतात आणि तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात. यातल्या कुठल्याच गोष्टीचा सराव सिंहगडावर होत नाही, कितीही वेगाने चढलं तरी. उलट दणकट माणूस पहिल्याच दिवशी झपाझप पुढे जातो आणि शरीर जुळायच्या आत जास्त उंचीवर पोचतो.

हा निव्वळ तर्क नाही. पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी नेपाळमधल्या फेरिचे या 4243 मीटरवरच्या वस्तीत 278 ट्रेकर्स तपासले आणि 1976 साली निष्कर्ष छापले. निम्म्याहून अधिक, म्हणजे 53 टक्के लोकांना उंचीचा त्रास झाला होता. विमानाने वाटेवरच्या लुक्लाला उतरलेल्यांत, भराभर चढलेल्यांत आणि वाटेत कमी मुक्काम केलेल्यांत तो जास्त होता. तरुणांतही जास्त होता. आधी उंचावर जाऊन आल्याचा फायदा दिसला नाही, आणि पाठीवर ओझं किती होतं यानेही फरक पडला नाही. ‘मी तरुण आहे, मागे एकदा जाऊन आलोय’ ही दोन्ही आश्वासनं या एका पाहणीत निकालात निघतात. भारतीय सैन्य तर हे फार मोठी किंमत देऊन शिकलं आहे. 1962च्या युद्धकाळात सखल भागातून घाईने उंचावर नेलेले जवान मोठ्या संख्येने आजारी पडले, आणि सैन्यातल्या डॉक्टरांनी अशा 1925 जवानांचा अभ्यास 1969मध्ये प्रसिद्ध केला. आज सैन्याची पद्धत ठरलेली आहे. सुमारे 2700 ते 3600 मीटरवर सहा दिवस, त्यापुढच्या दोन टप्प्यांत चार-चार दिवस. पहिल्या टप्प्यातले पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, मग सपाटीवर थोडं चालणं, चढ शेवटच्या दोन दिवसांत. रोज कवायत करणाऱ्या जवानाला जे दोन दिवस लागतात, ते खुर्चीत बसून काम करणाऱ्याने का वाचवावेत?

प्रवास आखतानाच या दिवसांची सोय करावी. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा ठेवावा. दिवसा वर चढून जाऊन झोपायला खाली आलं तर चालतं. लडाखला रस्त्याने जायचं तर श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल ही वाट शरीराला मानवते. मनालीच्या वाटेवर सरचूला, 4200 मीटरच्याही वर, पहिल्या-दुसऱ्या रात्रीच झोपण्याची वेळ येते आणि डोकं धरून बसलेली माणसं तिथे हमखास दिसतात. विमानानेच जायचं असेल तर लेहमध्ये पूर्ण दोन दिवस काहीही न करता काढावेत. पँगाँगचा मुक्काम त्यानंतर बराच पुढे ढकलावा.

रजा मिळत नाही, ही अडचण खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण रजा कमी असेल तर उंचीही कमी निवडावी. फुलांची घाटी, हर की दून यांसारख्या वाटा साडेतीन हजार मीटरच्या आसपास थांबतात आणि हिमालय तिथेही तितकाच भरभरून भेटतो. दुसरा तोडगा सांगितला जातो तो डायमॉक्सचा. ही गोळी जुळवून घेण्याच्या क्रियेला मदत करते, तो नुसता देखावा नव्हे. फेरिचेतही ती घेणाऱ्यांचा त्रास सौम्य होता, पण ती घेऊनही लोक आजारी पडलेच. डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावी, मात्र तिच्या भरवशावर मुक्काम कापू नयेत. ‘आमच्या ग्रुपमधले सगळे तीन दिवसांत जाऊन आले’ असंही ऐकायला मिळतं. आले असतील. ज्यांना मध्येच खाली आणावं लागलं, ते असे किस्से सांगायला पुढे येत नाहीत.

आणि त्रास झालाच तर तो लपवू नका. उन्हाने डोकं दुखतंय, झोप नीट झाली नाही, काल जेवण बाधलं, अशी कारणं ट्रेकमध्ये सर्रास दिली जातात, कारण आपल्यामुळे सगळ्यांचा दिवस वाया जाईल याची भीड वाटते. उंचावर डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं म्हणजे उंचीचाच त्रास, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत. तो थांबेपर्यंत आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल तर प्रकरण गंभीर आहे. जमिनीवर सरळ रेघ ओढून टाचेला बोटं लावत तीवर चालायला सांगा. यातलं काहीही दिसलं किंवा तोल गेला तर त्याला लगेच खाली न्यायचं. रात्र असली तरी सकाळची वाट पाहायची नाही, त्याला एकट्याला पाठवायचं नाही, आणि त्याची सॅक दुसऱ्याने घ्यायची.