नीटचं तिसरं वर्ष की रत्नागिरीचं पहिलं?

जून उजाडला की दौंड तालुक्यातून माझ्याकडे सल्ला मागायला येणारे फोन एकाच चालीचे असतात. "मॅडम, पोरीला नीटला कमी पडले. अजून एक वर्ष लातूरला ठेवू का?" आधी वरवंडहून, मग पाटसहून, मग केडगावहून. तिसऱ्या प्रयत्नाची गोष्ट असली की त्यात प्रश्न उरलेलाच नसतो. घरात ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त हो म्हणवून घ्यायचं असतं.

मी हो म्हणत नाही. पहिल्या वेळी आजारपण आलं, अभ्यास अर्धवट राहिला, तर दुसरा प्रयत्न समजू शकते. पण दोनदा मन लावून अभ्यास केलेल्या मुलाला तिसऱ्यांदा बसवायचं, तर आधी त्याला एकट्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. पाहुण्यांनी निकाल विचारू नये म्हणून घरच्या लग्नालाही न जाणारी मुलं माझ्यासमोर बसतात. उसाचं बिल क्लासला भरलं, याचं ओझं ती मनात वागवत असतात. आईवडिलांचं प्रेम खरं असतं, पण डॉक्टर होण्याची हौस पुष्कळदा त्यांचीच असते.

बीएएमएस, बी. फार्म, नर्सिंग, कृषी हे रस्ते गावात सगळ्यांना माहीत आहेत. त्यावर मी वेगळं काही सांगायला नको. मला बोलायचंय ते मत्स्यविज्ञानाबद्दल आणि त्यापुढच्या सागरी व किनारी संसाधन व्यवस्थापनाबद्दल. जीवशास्त्र आवडणाऱ्या मुलांसाठी ही चांगली वाट आहे, आणि आपल्या भागात तिचं नावही कुणी काढत नाही.

"वरवंडला कुठं समुद्र आहे?" हा पहिला आक्षेप. समुद्र नाही, पण व्हिक्टोरिया तलाव आहे, आणि त्यात येणारं कालव्याचं पाणी खडकवासल्याहून येतं. त्याच खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. 1916 साली सुरू झालेल्या या संस्थेत बंदरांच्या प्रतिकृती बांधून लाटा, गाळ आणि किनाऱ्याची धूप यांचा अभ्यास होतो. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला उजनीचं पाणी आहे. भिगवणच्या बाजारात कटला, रोहू, चिलापी येते आणि बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यांनी पिल्लंसुद्धा उपसली जातात म्हणून मच्छीमारांत भांडणं होतात. मालवणच्या समुद्रातही भांडण हेच आहे.

तिथे बोटीमागे ओढत नेतात त्या ट्रॉलच्या जाळ्याला शेवटी एक पिशवी असते, तिथे मासळी साठते. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. बोट ओढायला लागली की ताणाने तो मिटतो आणि लहान पिल्लूही आत अडकतं. आस चौकोनी केला तर ताणातही उघडा राहतो, पिल्लं निसटतात, मोठी मासळी राहते. सिंधुदुर्गात अशा चौकोनी आसाच्या जाळ्यांचा प्रसार झाला. पण आस किती मोठा ठेवायचा हे ठरवायला कुणाला तरी धक्क्यावर बसून मासळी मोजावी लागते. तिची लांबी, वजन, पोटात गाबोळी म्हणजे अंडी आहेत का, हे नोंदवावं लागतं. कानातला खडा काढून त्यावरची वर्तुळं मोजून वय काढावं लागतं. त्या नोंदींवरून कळतं की कोणता मासा किती मोठा झाल्याशिवाय धरू नये. 2023 साली पापलेट राज्यमासा झाला. तो टिकवायचा तर अशा नोंदी लागतातच. संसाधन व्यवस्थापन म्हणजे हे काम. त्याला जीवशास्त्र लागतं, गणित लागतं, आणि पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मच्छीमारांशी नीट बोलता यावं लागतं. शेतकऱ्याच्या मुलांना हे तिसरं सहज जमतं.

आता प्रवेशाच्या दाराची गोष्ट, कारण इथेच मुलं चुकतात. बारावीनंतर चार वर्षांची बी.एफ.एस्सी. ही मत्स्यविज्ञानाची पदवी. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, नागपूर आणि उदगीरला पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहेत. राज्यातल्या या प्रवेशाला सीईटी लागते, आणि नीटच्या नादात पुष्कळ मुलांनी सीईटीचा फॉर्मच भरलेला नसतो. पुढची एम.एफ.एस्सी. मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत करता येते. ही संस्था 1961 सालची, 1989 पासून अभिमत विद्यापीठ. तिथे मत्स्य संसाधन व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय आहे, प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून. पण त्यासाठी हातात बी.एफ.एस्सी. हवी. "आधी जवळच्या कॉलेजात झूलॉजी करते, मग फिशरीजला जाते" असं म्हणणाऱ्या मुलीला तीन वर्षांनी ते दार बंद दिसतं.

झूलॉजी, बॉटनी, रसायन झालेल्यांना वाटच नाही असं नाही. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एम.एस्सी. आहे, आणि त्याच गोव्यात दोनापावलाला 1966 पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तमिळनाडूत परंगीपेट्टईला अन्नमलई विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र आहे, कोचीला तर मत्स्यिकी आणि सागरी अभ्यासाचं अख्खं विद्यापीठ आहे. भाषा वेगळी, जेवण वेगळं, घर लांब. ज्यांना दर शनिवारी मुलगा घरी दिसायला हवा, त्यांनी आधीच मनाची तयारी करावी.

दुसरा आक्षेप नाजूक आहे. तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामाला असते, आणि त्याच सुमारास प्रवेशाची धावपळ चालू असते. घरोघरी माळ आहे. "आम्ही माळकरी, आमची पोर मासे कापणार?" असं विचारणाऱ्या वडिलांना मी हसत नाही. त्यांना सरळ सांगते की बी.एफ.एस्सी.ला माशाला हात लावावा लागेल, कापावाही लागेल. हे मुलीलाच नको असेल तर विषय संपला. पण तिला चालत असेल आणि फक्त भावकी काय म्हणेल म्हणून तुम्ही अडवत असाल, तर ते बरोबर नाही. मासा अजिबात नको असेल तरी किनाऱ्यावर कामं आहेत. राज्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यावर घर चालवतात. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 सालची, आताची 2019 सालची. किनाऱ्यालगत जेटी, पूल, रस्ता काहीही करायचं तर नकाशे आणि पर्यावरण अहवाल लागतात. ते करायला भूगोल, भूशास्त्र, पर्यावरणशास्त्राची मुलं चालतात.

नोकरीचं खरं सांगते. मत्स्यव्यवसाय विभागातली अधिकारीपदं लोकसेवा आयोगातून भरतात आणि जाहिरात दरवर्षी येत नाही. बँकांच्या कृषी अधिकारी परीक्षेला मत्स्यविज्ञानाचे पदवीधर बसू शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. खासगीत पहिली नोकरी बहुधा कोळंबीच्या तलावावर किंवा बीजकेंद्रात लागते. पगार बेताचा, रात्रीची जाग, आणि गाव आंध्रातलंही असू शकतं. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्यामुळे ज्यांच्या रानात शेततळं आहे त्यांनी स्वतःच्या धंद्याचाही विचार करावा. डॉक्टरच्या पाटीचा मान यात नाही. तो मान हवाच असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

आणि एक ताकीद. परदेशातल्या "मरीन मॅनेजमेंट"च्या पदवीसाठी जमीन गहाण टाकू नका. एजंट रंगीत पुस्तिका दाखवतो. त्या पदवीवर इथे कोणत्या पदाला अर्ज करता येतो, ते त्याला लेखी विचारा. जायचंच असेल तर इथली पदवी हातात घेऊन, शिष्यवृत्ती मिळवून जा. कांदळवन प्रतिष्ठानमार्फत राज्य सरकारची सागरी विषयांसाठी परदेश शिष्यवृत्तीची योजना आहे, तिच्या अटी आधी वाचा.

या आठवड्यात दोन कामं करा. मुलाला घेऊन पहाटे भिगवणच्या मासळी बाजारात जा, तासभर थांबा. तो वासाने मागे सरकतो की टोपलीत वाकून बघतो, ते तुम्हाला दिसेल. आणि सीईटीचे गुण हातात असतील तर प्रवेशाच्या यादीत शिरगाव, नागपूर, उदगीर तिन्ही नावं टाका. सीईटी दिलीच नसेल, तर यंदा बी.एस्सी.ला नाव घाला आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म निघेल त्या दिवशी भरा. पोराला घरी बसवून ठेवू नका.