प्रवासातील मूल आणि पाण्याचा हिशेब

तंजावरच्या मराठे राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर छत्रे उभारली होती. सरफोजी राजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांचे वर्णन आढळते. तेथे वाटसरूस जात न पाहता अन्न मिळे, तान्ह्या मुलांस दूध मिळे आणि आजाऱ्यांस वैद्य पाहत. आज महाराष्ट्रातील कुटुंब पुणे, सोलापूर, रायचूर, गुंटकल या मार्गाने आगगाडीत बसून चेन्नईस येते व पुढे रामेश्वराकडे वळते. वाट सुकर झाली. परंतु मुलाच्या शरीराचे नियम बदललेले नाहीत.

प्रवासात मुलांना सर्दी होते, गाडी लागते, ताप येतो. यांपैकी बहुतेक त्रास विश्रांतीने बरे होतात. जुलाब व उलट्या यांकडे मात्र तत्काळ लक्ष पुरविले पाहिजे. कारण त्यांत शरीरातील पाणी व क्षार वेगाने निघून जातात.

मूल लवकर का सुकते?

तान्ह्या मुलाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. दहा किलो वजनाच्या मुलाच्या शरीरातून अर्धा लिटर पाणी गेले, की कोरड पडल्याची चिन्हे दिसू लागतात. एक लिटर गेले, तर प्राणावर बेतते. त्यात चेन्नईची हवा समुद्रकाठची व दमट. मे-जून महिन्यांत तेथे घाम पुष्कळ येतो, पण तो लवकर वाळत नाही. त्यामुळे पाणी खर्ची पडूनही अंग थंड होत नाही.

जुलाब होत असता मुलाचे पाणी बंद करावे, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. ती घातक आहे. मूल दगावते ते बहुधा पाणी व क्षार गमावल्यामुळे.

क्षारजलाचा शोध

नुसते पाणी पाजून हे नुकसान पुरते भरून निघत नाही. आतड्याची आतील त्वचा ग्लूकोज व सोडियम यांना जोडीने आत घेते, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत येते. जुलाबातही ही व्यवस्था बहुतांशी शाबूत राहते. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धकाळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर व मीठ घातलेले पाणी रुग्णांस तोंडाने पाजविले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या आत उतरले.

पालकांनी काय करावे?

निघतानाच ओ.आर.एस.च्या पुड्या सोबत घ्याव्यात. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या किंवा बाटलीबंद पाण्यात सबंध पुडी एकदम विरघळवावी. पाणी कमी घातल्यास द्रव अतिखारट होऊन अपाय होतो. चोवीस तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्यास १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. तेही चमच्याने अथवा घोटघोट. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. खाणेही तोडू नये. वाफेवरची गरम इडली किंवा मऊ भात चेन्नईत सहज मिळतो. शहाळ्याचे पाणी उत्तम पेय खरे, परंतु त्यात सोडियम अल्प असते. म्हणून ते क्षारजलाची जागा घेऊ शकत नाही. खोक्यांतून मिळणारी गोड पेयेही टाळावीत. जुलाब बांधणारी औषधे मुलांस स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. झिंकच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस देण्याची पद्धत आहे. त्यांचे प्रमाण वैद्यास विचारावे.

केव्हा थांबावे?

डोळे खोल गेले, पोटाची चिमूट सोडल्यावर कातडी सावकाश परतली, मूल निपचित झाले, त्याला पिता येईना, शौचातून रक्त पडले, किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर घरगुती उपायांची मर्यादा संपली असे समजावे. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर इतकीही वाट पाहू नये. गाडीत असल्यास १३९ या क्रमांकावर कळवावे; शहरात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दक्षिणेकडील अनेक गाड्या चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून सुटतात, आणि त्याच एग्मोर भागात मुलांचे मोठे शासकीय रुग्णालय आहे. वाटेत पाजणे मात्र थांबवू नये.

अशा वेळी आरक्षण वाया जाईल, यात्रा चुकेल, या विचाराने कुटुंब पुढे निघते, आणि पुढचे मोठे रुग्णालय कित्येक तासांच्या अंतरावर असते. रामेश्वराचे दर्शन दुसऱ्या गाडीनेही घडेल. मुलाच्या शरीरातील पाण्याचा हिशेब मात्र त्याच दिवशी चुकता करावा लागतो.