भायखळ्याची दोन स्मारके

मुंबईत भायखळ्याला राणीची बाग आहे. तेथे एका भव्य काळ्या घोड्यापाशी मुले थबकतात. त्यावर आरूढ झालेला स्वार म्हणजे इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड. युवराज असताना १८७५ साली तो मुंबईस आला होता. त्याची आठवण म्हणून एका धनिक व्यापाऱ्याने हा पुतळा शहराला दिला व १८७९ साली तो कोटात उभा राहिला. १९६५ मध्ये तो तेथून हलविला गेला. परंतु मौज अशी, की घोडा गेला तरी त्या जागेचे 'काळा घोडा' हे नाव गेले नाही! अखेर २०१७ साली तेथे नवा घोडा बसविण्यात आला. त्याच्या पाठीवर मात्र कोणीच नाही.

भायखळ्यातच अग्निशमन दलाचे मुख्यालय आहे. त्याच्या आवारात दुसरे स्मारक आहे. शिक्षक असताना मी मुलांच्या कित्येक सहली राणीच्या बागेत नेल्या. पण या स्मारकापाशी एकदाही थांबलो नाही. त्यामागील हकीकत मलाच ठाऊक नव्हती!

मुलांनो, १९४४ साली दुसरे महायुद्ध चालू होते. एप्रिल महिन्यात 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्ये होती, सोन्याच्या लगडी होत्या आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्याही होत्या. दारूगोळ्याशेजारी कापूस! १४ एप्रिलला दुपारी जहाजातून धूर निघू लागला. बंब धावले, पाण्याचा अखंड मारा सुरू झाला. पण कापूस आत धुमसतच राहिला. ओतलेले पाणीच उकळू लागले. जहाज समुद्रात न्यावे की गोदीतच बुडवावे, याचा निर्णय होईना. चारच्या सुमारास खलाशांना जहाज सोडण्याची आज्ञा झाली. पाण्याच्या नळ्या धरलेले जवान मात्र आगीशी झुंजतच होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. पेटता कापूस वस्त्यांवर कोसळला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

युद्धकाळामुळे सरकारने ही वार्ता दडपून ठेवली. साऱ्या मुंबईने तो आवाज ऐकला होता, तरी कित्येक आठवडे येथील वर्तमानपत्रांना त्याविषयी छापण्याची मुभा नव्हती. सुमारे मैलभर दूर एका गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून सोन्याची लगड पडली. ती त्यांनी परत केली. गोदीच्या गाळात तर पुढे अनेक वर्षांनीही सोने सापडले.

आज १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भायखळ्याच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिले जाते आणि गणवेशातील जवान काही क्षण स्तब्ध उभे राहतात. बंब मात्र तेव्हाही बाहेर पडण्यास सज्जच असतात.