बायपोलर ‘घराण्यात’ आहे का? डीएनए तपासणीआधी खर्चाचा हिशेब

नांदेड-लातूरकडे सोयरीक जुळवताना ‘घराण्यात काही आजार?’ हे आडून का होईना, विचारलं जातंच. घरात बायपोलरचा रुग्ण असला की मग कुणीतरी डीएनए तपासणी सुचवतं. तिचं बिल तपासणीच्या आवाक्यानुसार काही हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत जाऊ शकतं. निदानासाठी किंवा लग्नाच्या धास्तीने हा खर्च करू नका.

आजार आनुवंशिक आहे, पण एका जनुकाचा नाही. २०२५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात १,५८,०३६ रुग्ण होते, आजाराशी संबंधित डीएनएवरच्या जागा निघाल्या २९८, आणि एकेकीचा वाटा किरकोळ. रुग्ण बहुतांश युरोपीय वंशाचे. त्यावरून काढलेला धोक्याचा आकडा उदगीर-हदगावच्या माणसाला कसा लावायचा? आई किंवा वडील रुग्ण असतील तर मुलाला हा आजार होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच ते दहा. हे सांगायला लॅब लागत नाही. उलट तीन पिढ्यांत कुणाला या आजाराचे झटके आले, कुणी आत्महत्या केली, कुणाला लिथियम या बायपोलरवरच्या औषधाने गुण आला, हे कागदावर लिहून न्या; डॉक्टरांना ते जास्त कामाचं. खर्च शून्य, फक्त आत्या-मावश्यांनी खरं सांगायला हवं.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत अशा कुटुंबांवर संशोधन होतं. संशोधनात भाग घ्यायला पैसे भरायचे नसतात, कुणी मागितले तर उठून या.

डीएनए तपासणी नको, याला एक अपवाद. कार्बामाझेपीन हे बायपोलरमध्येही दिलं जाणारं औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी ‘एचएलए-बी’ तपासणी सांगितली तर टाळू नका. जीवघेण्या त्वचाविकाराचा धोका तिच्यातून आधी कळतो.

उपचारासाठी नांदेडच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहेत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही मोफत, मराठीत बोलता येतं.

पैसा राखून ठेवायचा तो लिथियमच्या देखरेखीसाठी. गोळी स्वस्त असते. रक्तातली लिथियमची पातळी, क्रिएटिनीन आणि थायरॉईड मिळून खासगी लॅबमध्ये साधारण हजार-दीड हजार जातात, आणि ही तपासणी दर काही महिन्यांनी करावीच लागते. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी नमुना दिल्यावर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की पातळी चढते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं तरी तेच. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब लागले, तोल जाऊ लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.