नोंदी माझ्या, कुलूप त्यांचं

उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री साडेदहा वाजता बायबल-अभ्यासाच्या नोंदींचं ॲप उघडलं. वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्यावर सकाळी मला बोलायचं होतं, आणि मार्क १५:३४ व स्तोत्र २२ यांचा संबंध मी एका लेंटमध्ये वचन न् वचन लावून ठेवला होता. पडद्यावर फक्त एक चौकट: मर्यादा संपली, पैसे भरा. पाच वर्षांचा अभ्यास त्या चौकटीमागे. मी फोन हातात धरून नुसती बसून राहिले.

मी काही फुकट वापरणारी नव्हते. दोन वर्षं वर्गणी भरली. कंपनीने ती दुपटीवर नेली तेव्हा बंद केली. जुन्या नोंदी कायम दिसतील, असं तेव्हा त्यांनीच कळवलं होतं. तक्रारीला तीनदा एकच उत्तर आलं, 'आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.' वर पाळकसाहेब म्हणाले, "बाई, वहीत लिहायचं होतं." वहीत शब्द शोधता येत नाही, म्हणून तर हा खटाटोप!

सकाळी पेन्सिलच्या खुणांच्या जुन्या बायबलवरून बोलले. पुढे महिन्याचे पैसे भरून सगळं बाहेर काढलं, तर पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटलेली. 'ख्रिस्त' वाचता येईना.

म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी चार नोंदी लिहा, बाहेर काढा, दुसऱ्या यंत्रावर उघडून वाचा. 'करणाऱ्या'तला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. फोनवर लिहिलेला संगणकावर शोधून पाहा. मला कित्येक नोंदी त्यापायीच सापडत नव्हत्या. वचनांचे आकडे मराठी की इंग्रजी, हेही एकदाच ठरवा. फाईलच्या नावाआधी पुस्तकाचा क्रमांक घाला, ०१ उत्पत्ती, १९ स्तोत्रे. नाहीतर अक्षरक्रमाने उत्पत्ती इफिसकरांस पत्राच्या खाली जाऊन बसते. बॅकअप घ्या, पासवर्ड लिहून ठेवा, हे आहेच.

मी आता ऑब्सिडियन वापरते. त्यात नोंदी साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच फोनवर राहतात. त्या दुसऱ्या ॲपमध्येही उघडतात. स्तोत्र २२ ची नोंद त्यात पुन्हा टाइप करतेय. एकतीसपैकी सोळाव्या वचनाशी आलेय.