अग्निगोल आणि त्याचे साक्षीदार

निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्री उघड्यावर बसलेल्या माणसास तासाभरात चारदोन उल्का सहज दिसतात. त्यांपैकी बहुतेक वाळूच्या कणाएवढ्या पिंडांनी उमटविलेल्या क्षणिक प्रकाशरेषा असतात. क्वचित मात्र एखादी उल्का शुक्राहूनही तेजस्वी असते. तिच्या प्रकाशाने झाडांच्या सावल्या जमिनीवर पडतात, ती फुटते, गडगडाट होतो, आणि कधी कधी तिच्यातून उरलेले दगड पृथ्वीवर येऊन पडतात. अशा उल्केस अग्निगोल म्हणतात, आणि जमिनीवर पोहोचलेल्या दगडास अशनी.

ग्रहणाचा क्षण गणिताने वर्षानुवर्षे आधी सांगता येतो. अग्निगोलाचा क्षण सांगता येत नाही. २००८ पासून काही थोडे लहान पिंड पृथ्वीवर आदळण्यापूर्वी काही तास दुर्बिणीतून दिसले आहेत, परंतु ते अपवाद होत. सामान्यतः सारा प्रसंग काही सेकंदांत आटोपतो आणि दुर्बीण तिकडे वळविण्यास सवड नसते. त्यामुळे या विषयाचे ज्ञान दीर्घकाळ एकाच साधनावर अवलंबून राहिले : त्या क्षणी ज्याची नजर योगायोगाने वर गेली होती, त्या माणसाची साक्ष. ही साक्ष किती विश्वासार्ह असते, ती कोठे फसते आणि तिच्यातून सत्य कसे काढून घेता येते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आकाशातून पडणाऱ्या तेजांची नोंद भारतात फार पूर्वीपासून होत आली आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे त्यांचे पाच प्रकार सांगितले. त्यामागील हेतू शुभाशुभ फल सांगण्याचा होता, हे खरे. तरीही आकार, शेपूट, आवाज यांवरून भेद करण्याची दृष्टी त्यात दिसते, आणि प्रचंड आवाज करीत जमिनीवर आदळणाऱ्या प्रकारास त्याने दिलेले नावच मराठीत आज शास्त्रीय संज्ञा म्हणून रूढ झाले आहे.

बनारसची रात्र

१९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास बनारस आणि जौनपूर यांच्या परिसरात एक मोठा अग्निगोल दिसला. जॉन लॉइड विल्यम्स या बनारसमधील इंग्रज गृहस्थाने त्याची हकीकत गोळा केली. त्या महिन्याच्या ११ तारखेपासून आकाशात ढगाचा मागमूसही नव्हता, ही गोष्ट त्याने आवर्जून नोंदविली. कारण हा विजेचा प्रकार असावा, अशी शंका कोणीही घेतली असती. बनारसचे न्यायाधीश डेव्हिस त्या वेळी घरात होते. खिडकीच्या काचांतून आलेला प्रकाश इतका प्रखर होता की, तावदानांमधील पट्ट्यांच्या सावल्या गडद रंगाच्या गालिच्यावर स्पष्ट उमटल्या. जौनपूरकडील लोकांनी आवाजाची तुलना सैनिकांच्या तुकडीने वेडावाकडा बार काढावा, तशा आवाजाशी केली.

बनारसपासून सुमारे १४ मैलांवर, गोमती नदीच्या उत्तरेस असलेल्या क्राखुत गावच्या रहिवाशांची साक्ष अधिक मोलाची होती. त्यांनी प्रकाश पाहिला, गडगडाट ऐकला आणि पाठोपाठ जवळपास जड वस्तू पडल्याचा आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी शेतांत ठिकठिकाणी माती उकरल्यासारखी दिसली. तेथे दगड सापडले. एक दगड रखवालदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून आत आला होता आणि चोपून घट्ट केलेल्या जमिनीत काही इंच रुतला होता. हे दगड बाहेरून काळ्या कवचाने झाकलेले होते आणि त्या मुलखात आढळणाऱ्या दगडांशी त्यांचे साम्य नव्हते.

विद्वानांची शंका

क्राखुतच्या शेतकऱ्यांना आपण काय पाहिले याविषयी शंका नव्हती. युरोपातील विद्वानांना मात्र होती. १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्यूसे येथे पडलेल्या दगडाची तपासणी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने केली. त्या समितीत प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता. दगड आकाशातून आलेला नाही, तो जमिनीवरचाच असून त्यावर वीज पडली असावी, असा समितीचा निष्कर्ष झाला. २४ जुलै १७९० रोजी रात्री त्याच देशाच्या नैर्ऋत्य भागात बार्बोटां येथे अग्निगोल फुटून दगडांचा वर्षाव झाला. सुमारे तीनशे साक्षीदारांचा दाखला देणारे निवेदन अधिकृतपणे पाठविण्यात आले. तेव्हा एका विद्वानाने उपहासाने लिहिले की, लोकांच्या भोळ्या समजुतीला एका गावाने कायदेशीर रूप द्यावे ही करुणास्पद गोष्ट आहे.

या शंकेमागे केवळ अहंकार नव्हता. चमत्कारांच्या कथा बाजूला सारूनच त्या शतकातील विज्ञान उभे राहिले होते. परंतु चमत्कार नाकारण्याच्या ओघात वस्तुस्थितीही नाकारली जात होती. ही कोंडी ज्याने फोडली, त्या अर्न्स्ट क्लाडनीचे शिक्षण कायद्याचे होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ग्यॉटिंगेन येथील ग्रंथालयात त्याने शतकानुशतकांच्या वृत्तांतांची छाननी केली. साक्षीदार एकमेकांना ओळखत नव्हते, त्यांचे देश, भाषा आणि काळ भिन्न होते. तरीही प्रकाश, स्फोट, गडगडाट आणि काळ्या कवचाचे दगड हा क्रम सर्वत्र सारखाच येत होता. इतक्या लोकांनी एकच खोटी कथा रचली असणे संभवत नाही, असे त्याने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मांडले.

त्यानंतर बनारसचे दगड लंडनला पोहोचले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने त्यांचे, तसेच इंग्लंड, इटली आणि बोहेमिया येथे पडलेल्या दगडांचे पृथक्करण करून १८०२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हजारो मैल अंतरावर पडलेल्या या दगडांची घडण जवळजवळ एकच होती आणि त्यांतील लोहामध्ये निकेल होते. पुढच्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समधील लेग्ल येथे सुमारे तीन हजार दगड पडले. झां-बाप्तिस्त बिओ याने गावोगाव फिरून केलेल्या चौकशीनंतर उरलासुरला विरोधही मावळला. क्राखुतच्या रखवालदाराची साक्ष अशा रीतीने प्रयोगशाळेत खरी ठरली.

डोळा कोठे चुकतो

साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्याचे प्रत्येक विधान बिनचूक असते असे नाही. अग्निगोल पाहणारा बहुधा सांगतो की, तो पलीकडच्या टेकडीमागे किंवा शेजारच्या गावात पडला. हा भ्रम जवळजवळ सार्वत्रिक आहे आणि त्याचे कारण साधे आहे. काळोख्या आकाशातील प्रकाशाचे अंतर ओळखण्यास डोळ्याजवळ कोणतेही साधन नसते. प्रत्यक्षात हे पिंड सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात, जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास उंचीवर उजळू लागतात आणि दगड उरणार असेल तर बहुधा वीस-तीस किलोमीटर उंचीवर विझतात. पुढचा प्रवास काळोखात, साध्या पडत्या दगडासारखा होतो. तीस किलोमीटर उंचीवर विझणारा अग्निगोल क्षितिजापासून दहा अंशांवर दिसत असेल, तर तो पाहणाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर असतो. पाच अंशांवर दिसत असेल, तर हे अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते.

आकाराची आणि काळाची हीच गत आहे. चार सेकंदांचे दृश्य साक्षीदाराला सहज दहा सेकंदांचे वाटते. विस्कळीत प्रकाशबिंदूंना मन एका आकारात गुंफते, हेही अनुभवास आले आहे. ३ मार्च १९६८ रोजी झोंड-४ या सोव्हिएत यानाच्या अग्निबाणाचे जळते तुकडे अमेरिकेच्या आकाशातून गेले. बहुसंख्य लोकांनी त्याचे वर्णन ठीक केले. परंतु काहींनी खिडक्या असलेले एक लांबट यान पाहिल्याचे सांगितले. ठिपके खरे होते, यानाचे अंग मनाने पुरविलेले होते.

दिशेच्या बाबतीत मात्र माणूस चांगला साक्षीदार ठरतो. अग्निगोल देवळाच्या कळसाच्या डावीकडे दिसला आणि पिंपळाच्या शेंड्यामागे विझला, हे त्याच्या स्मरणात पक्के राहते. दूरदूरच्या दोन ठिकाणांहून अशा दिशा मिळाल्या की, त्या रेषा जेथे एकमेकींस छेदतात तेथे अग्निगोल होता असे भूमितीने ठरविता येते. १८ ऑगस्ट १७८३ रोजी रात्री ब्रिटनवरून गेलेल्या महान उल्केच्या बाबतीत चार्ल्स ब्लॅग्डेन याने वृत्तांत एकत्र करून तिची उंची पन्नास मैलांहून अधिक आणि वेग सेकंदाला वीस मैलांच्या आसपास असल्याचे दाखविले. त्या काळी माणसास ठाऊक असलेले कोणतेही वाहन ताशी वीस मैलांचा वेगही फारसे गाठत नव्हते, हे ध्यानी घेतले म्हणजे या निष्कर्षाचे धाडस कळते.

आवाजाची साक्ष

ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. म्हणून प्रकाश आणि गडगडाट यांमधील अवधी हेही अंतराचे माप आहे. १७८३ चीच उल्का विंझर किल्ल्याच्या गच्चीवरून पाहणाऱ्या टायबेरियस काव्हालो याला सुमारे दहा मिनिटांनी गडगडाट ऐकू आला. त्यावरून त्याने अंतर १३० मैल काढले.

याउलट काही साक्षीदार अग्निगोल दिसत असतानाच सळसळ किंवा फुसफुस ऐकू आल्याचे सांगतात. शंभर किलोमीटरांवरून ध्वनी त्या क्षणी पोहोचणे अशक्य आहे. १७१९ मधील उल्केचा अभ्यास करताना एडमंड हॅली याने असे वृत्तांत कल्पनेचा खेळ म्हणून निकालात काढले. तरीही ते येतच राहिले. १९८० मध्ये कॉलिन की या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने असे सुचविले की, अग्निगोलातून निघणाऱ्या रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने येऊन पाहणाऱ्याच्या जवळच्या वस्तूंत कंप उत्पन्न करीत असाव्यात. २०१७ मध्ये दुसरी उपपत्ती मांडण्यात आली : अग्निगोलाचा झपाट्याने कमीजास्त होणारा प्रकाश केस, कापड, वाळलेली पाने यांना किंचित तापवून त्यांच्याभोवतीची हवा हलवीत असावा. वाद संपलेला नाही. परंतु या साक्षीदारांना आज कोणी वेड्यात काढीत नाही.

धजाळा आणि त्यानंतर

२८ जानेवारी १९७६ रोजी रात्री ८ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास गुजरातवर एक तेजस्वी अग्निगोल दिसला आणि सुरेंद्रनगर जिल्ह्यातील धजाळा गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. सुमारे ४५ किलोग्रॅम दगड हाती आले. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतील शास्त्रज्ञांनी त्यांचा सखोल अभ्यास केला. दगडांत विश्वकिरणांनी सोडलेल्या सूक्ष्म खुणांवरून मूळ पिंडाचा किती भाग हवेत झिजून गेला याचाही अंदाज बांधला. १९७८ मध्ये बल्लभ, भटनागर आणि भंडारी यांनी प्रत्यक्षदर्शींच्या वृत्तांतांच्या आधारे या पिंडाची सूर्याभोवतीची कक्षा काढून प्रसिद्ध केली. तिचे दूरचे टोक मंगळापलीकडे, लघुग्रहांच्या पट्ट्यात होते. अंगणात उभ्या असलेल्या माणसांच्या बोटाने दाखविलेल्या दिशा कोट्यवधी किलोमीटर मागे जाऊन पोहोचल्या.

अर्थात आता कॅमेऱ्यांची जाळी आहेत. ७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियातील प्रशिब्राम येथे पडलेल्या अशनीचा मार्ग प्रथमच छायाचित्रांवरून निश्चित झाला. त्यानंतर अनेक देशांनी रात्रभर आकाश टिपणारे कॅमेरे बसविले. परंतु असे कॅमेरे सर्वत्र नाहीत. शिवाय साक्षीदारापुढे नवा पेचही उभा आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात आकाशातून जळते तुकडे ओळीने जाताना हजारो लोकांनी पाहिले. अनेकांना तो उल्कापात वाटला. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात त्याच रात्री धातूचे मोठे कडे सापडले. ते एका चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा निर्वाळा पडला. येथेही साध्या निरीक्षणाने भेद कळतो. कक्षेतून खाली येणारा मानवनिर्मित तुकडा सेकंदाला आठ किलोमीटरांहून कमी वेगाने, क्षितिजाला जवळजवळ समांतर, अर्धा-एक मिनिट वा त्याहूनही अधिक काळ जाताना दिसतो. उल्का बहुधा काही सेकंदांतच विझते.

तेव्हा अग्निगोल दिसल्यास काय करावे? घड्याळ पाहून वेळ टिपावी. जागा न सोडता गडगडाटाची वाट पाहावी आणि मधला अवधी मोजावा. अग्निगोल कोठे उमटला आणि कोठे विझला, हे झाड, खांब, घराचा कोपरा किंवा ओळखीचे तारे यांच्या आधाराने लक्षात ठेवावे. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. क्षितिजापासूनची उंची त्या मापाने सांगावी. शेजाऱ्याशी चर्चा करण्यापूर्वी हे सारे कागदावर उतरवावे, कारण दोघांच्या आठवणी एकदा मिसळल्या की, त्यांची पुन्हा निवड करता येत नाही. साक्ष घेणाऱ्यानेही ‘किती दूर पडला?’ असे विचारू नये. साक्षीदारास त्याच जागी उभे करून ‘बोटाने दाखवा’ एवढेच म्हणावे आणि होकायंत्राने ती दिशा मोजावी.